सातेरीच्या मधाला आधी ओळखपत्र द्या: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सह्याद्रीतील मधाचे संशोधन, प्रमाणीकरण आणि निर्यात

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

२०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर देशातले पहिले मधाचे गाव झाले. त्यामागून भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचे नाव पुढे आले. मधकेंद्र योजनेतून पेट्या मिळतात, प्रशिक्षण मिळते. हे काम मोलाचे आहे आणि ते थांबू नये. पण पेटी दिली की मध येतो, बाजार येत नाही. परदेशी खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो तो असा: हा जांभळाचाच मध आहे आणि तो सातेरी या इथल्या देशी मधमाशीनेच गोळा केला आहे, हे कशावरून? या प्रश्नाला कागदावर टिकेल असे उत्तर आज आपल्याकडे नाही. ते तयार करण्याचे काम शासनाने हाती घ्यावे, यासाठी हे पत्र.

एक अडचण सुरुवातीलाच सांगतो, कारण निर्यातीच्या चर्चेत तिचा उल्लेख फारसा होत नाही. युरोपीय संघाच्या २००१ च्या मध निर्देशात मधाची व्याख्याच 'एपिस मेलिफेरा माशांनी तयार केलेला पदार्थ' अशी आहे. मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाशी. सातेरी ही एपिस सेराना. म्हणजे सातेरीचा मध कितीही शुद्ध असला तरी युरोपात तो 'मध' या नावाने विकता येत नाही. कोडेक्स या अन्नाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकात असे बंधन नाही, तिथे फक्त मधमाशा म्हटले आहे. तेव्हा सातेरीच्या मधासाठी 'युरोपला निर्यात' हे उद्दिष्ट ठरवणे म्हणजे मधपाळांना बंद दारासमोर उभे करणे होईल. व्याख्या बदलण्यासाठी केंद्राने वाटाघाटींत हा मुद्दा लावून धरावा, राज्याने त्याचा पाठपुरावा करावा. तोवर आखाती देश आणि देशातलाच चोखंदळ ग्राहक ही खरी बाजारपेठ आहे.

दुसरा हिशेब प्रमाणाचा. वीस फुटी कंटेनरमध्ये ड्रम भरले की साधारण २० टन मध जातो. सातेरीच्या पेटीमागे वर्षाला सरासरी पाच किलो मध धरला, तर एका कंटेनरसाठी ४,००० पेट्यांचा मध एकत्र करावा लागेल. आणि एकत्र केला की जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, व्हायटी ही सगळी नावे त्या ड्रममध्ये विरघळून जातात. उत्तर भारतातून मोहरीचा मध ड्रमने जातो, त्याच्याशी किमतीची स्पर्धा सह्याद्रीला परवडणारी नाही. आपला माल लहान बाटलीतला, एका फुलाचा, एका खोऱ्याचा. येमेनच्या सिद्र मधाला, म्हणजे बोरीच्याच कुळातल्या झाडाच्या मधाला, आखाती बाजारात जो मान आहे तो त्याच्या नावामुळे आहे.

नाव टिकवायला मात्र पुरावा लागतो. न्यूझीलंडने २०१८ मध्ये मानुका या तिथल्या झुडपाच्या मधाची शास्त्रीय व्याख्या लागू केली: चार रासायनिक खुणा आणि मानुकाच्या परागाची एक डीएनए खूण. या पाचही सापडल्या तरच निर्यातीच्या बाटलीवर एकपुष्पी मानुका असे लिहिता येते. व्याख्या करण्याआधी त्यांनी झाडांचे आणि मधाचे नमुने गोळा केले होते. आपल्याकडे तोच पाया घालायचा राहिला आहे.

म्हणून पहिली मागणी: सह्याद्रीच्या मधाचा संदर्भ नमुना संग्रह. प्रत्येक फुलासाठी निदान तीन हंगाम आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या किमान ३० पेट्या निवडाव्यात. नमुना मधपाळाच्या डब्यातून घेऊ नये, तो प्रशिक्षित माणसाने पेटीवर उभे राहून, मेणाने बंद झालेल्या पोळ्यातून घ्यावा. ५०० ग्रॅम मध, काचेच्या बरणीत. सोबत पेटी क्रमांक, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, त्या आठवड्यात परिसरात काय फुलले होते त्याची नोंद आणि त्या झाडांच्या वाळवलेल्या फांद्या व परागाच्या काचपट्ट्या. अर्धा नमुना तपासणीला, अर्धा उणे २० अंशांवर जपून. नोंदीशिवाय आलेला नमुना कितीही चांगला असला तरी संग्रहात घेऊ नये, कारण एक चुकीचा नमुना पुढच्या शंभर निकालांना शंकास्पद करतो.

परागाचे मोजमाप हेही वाटते तितके सरळ नाही. एकाच फुलाचे पराग ४५ टक्क्यांहून जास्त असले तर मध एकपुष्पी, असा ढोबळ नियम आहे. पण काही झाडे पराग भरपूर देतात आणि मकरंद थोडा, काहींचे उलट असते. त्यामुळे जांभळाची टक्केवारी किती धरायची, पिसाची किती, हे इथल्याच नमुन्यांवरून ठरवावे लागेल. एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात मधातले घटक ओळखणाऱ्या तपासणीचेही तसेच आहे. ते यंत्र मधाचा ठसा घेते आणि साठवलेल्या ठशांशी जुळवून पाहते. ज्या फुलांचे आणि ज्या माशीचे ठसे त्या साठ्यात नाहीत, त्यांचा अस्सल मधही 'वेगळा' म्हणून बाजूला पडू शकतो.

हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्या राष्ट्रीय मानकातच आहे. भारतीय मानकात मधाला सुक्रोजची मर्यादा पाच टक्के आहे, पण कारवीच्या मधाला दहा टक्के. सह्याद्रीतली एक झुडूपवजा वनस्पती देशाच्या नियमात नावानिशी आहे, कारण तिच्या मधाचा स्वभाव वेगळा असल्याचे मान्य झाले. हीच वाट सातेरीच्या मधातल्या पाण्यासाठी चोखाळता येईल.

पाणी हा सह्याद्रीच्या मधाचा सर्वात मोठा प्रश्न आहे. मानकाप्रमाणे मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. सातेरी मात्र मेलिफेरापेक्षा जास्त पाणी असतानाच पोळ्याच्या घरांवर मेणाची झाकणे लावते, त्यामुळे तिचा पूर्ण पिकलेला मधही अनेकदा २० च्या वर भरतो. त्यात हवा दमट. मध साधारण १८ टक्क्यांवर ठेवायचा तर भोवतालच्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. त्याहून दमट हवेत उघडे भांडे ठेवले की मध हवेतले पाणी ओढून घेतो. २० च्या वर यीस्टला मोकळे रान मिळते: झाकण फुगते, फेस येतो, आंबूस वास सुटतो. बाटली ग्राहकाच्या घरी पोहोचल्यावर हे झाले तर त्या नावाचा मध तो पुन्हा घेत नाही.

यावर आजचा सर्रास उपाय म्हणजे मध तापवणे, आणि तिथेच दुसरे दुखणे सुरू होते. उष्णतेने एचएमएफ नावाचे संयुग वाढते, जे मध तापल्याची किंवा जुना झाल्याची खूण मानतात. ते किलोला सुमारे ३० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचायला ३० अंशांवर १५० ते २५० दिवस लागतात, ४० अंशांवर २० ते ५० दिवस, ५० अंशांवर साडेचार ते नऊ दिवस आणि ७० अंशांवर अवघे ५ ते १४ तास. आपली मर्यादा ८० मिलिग्रॅमची, युरोपची सर्वसाधारण मर्यादा ४० ची. थेट चुलीवर ठेवलेल्या पातेल्याच्या तळाशी काय होत असेल ते या आकड्यांवरून कळते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेले डबेही याच वाटेने जातात, फक्त हळूहळू. डायस्टेज हे विकरही याच उष्णतेने मरते.

तेव्हा दुसरी मागणी मध सुकवण्याच्या सोयीची आहे. ३० ते ४० गावांमागे एक छोटे केंद्र पुरेल. तिथे हवेतले पाणी काढणारे यंत्र बसवलेली बंद खोली, तापमान ३० ते ३५ अंश. काढलेला मध त्या कोरड्या हवेत पातळ थराने फिरवायचा. झाकणबंद पोळी तशीच रचून ठेवली तर पाणी फार सावकाश निघते, म्हणून मधयंत्रातून मध काढूनच तो सुकवावा. घाईचा माल असेल तर निर्वात भांड्यात, पण ४५ अंशांच्या वर कधीही नाही. शिवाय प्रत्येक मधपाळ गटाकडे मधातले पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हवा. तो २० अंशांसाठी बेतलेला असतो, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती करायला शिकवले नाही तर उन्हाळ्यातले आकडे फसवे येतात. आणि चौकटीचा तीन चतुर्थांश भाग झाकणबंद झाल्याशिवाय मध काढायचा नाही, हा नियम खरेदीच्या दरातच बसवावा: २० टक्क्यांखालच्या मधाला वरचा दर, २२ च्या वरचा मध परत. पाऊस तोंडावर आला की मधपाळ कच्चा मध काढतो, कारण आजचा दर वजनावर आहे आणि पाण्यालाही वजन असते.

साखरेबद्दल थोडे. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलोरा नसतो, वसाहत जगवायला साखरेचा पाक द्यावाच लागतो. त्यात गैर काही नाही. चूक होते ती मधाची कोठी पेटीवर असतानाच पाक देण्यात, किंवा फुलोरा सुरू झाल्यावरही तो चालू ठेवण्यात. माशा पाक वर नेऊन साठवतात आणि तो मधाबरोबर यंत्रात येतो. ऊस सी-फोर वर्गातली, म्हणजे बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या रीतीने कार्बन घेणारी वनस्पती असल्याने त्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांच्या तपासणीत लगेच उघडी पडते, मर्यादा सात टक्क्यांची आहे. कोल्हापूर भागात गुऱ्हाळांजवळ ठेवलेल्या पेट्यांचेही हेच होते: माशा उसाच्या रसावर आणि काकवीवर बसतात, मधपाळाने काहीही न मिसळता मध नापास होतो. गुऱ्हाळाच्या हंगामात तिथून पेट्या किमान तीन किलोमीटर लांब हलवण्याची सूचना योजनेच्या माहितीपत्रकात छापली तरी अनेकांवरचा भेसळीचा कलंक टळेल. तांदळाचा पाक मात्र बहुतेक फुलझाडांसारखाच सी-थ्री वर्गातला, तो या चाचणीला सापडत नाही. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध तपासला तेव्हा सगळ्या चाचण्यांत तीनच उतरले. प्रामाणिक मधपाळाला या गर्दीतून वेगळे काढायचे असेल तर त्याच्या मधाची तपासणी बाजारापेक्षा कडक हवी.

माग काढण्याची सोय केंद्राच्या मधुक्रांती पोर्टलवर २०२१ पासून आहे. तिथे मधपाळाची नोंद होते, पण पेटीपासून बाटलीपर्यंतची साखळी गावपातळीवर जोडायला हवी. प्रत्येक डब्यावर मधपाळाचा क्रमांक, पेट्यांची जागा, फूल, काढणीची तारीख आणि पाण्याची टक्केवारी. डबे अन्नासाठी चालणारे, झाकण घट्ट बसणारे. जुने तेलाचे किंवा औषधांचे डबे कुठल्याही सबबीवर चालवू नयेत. २०१० मध्ये युरोपने भारतीय मधाची आयात थांबवली ती प्रतिजैविकांचे अंश आणि माग न लागणे यामुळेच, आणि ते दार पुन्हा उघडायला वर्षाहून जास्त काळ गेला. पठारावर आणि विदर्भात मेलिफेराच्या पेट्या ठेवणाऱ्यांसाठी युरोप खुला आहे, पण औषधांची नोंदवही नसेल तर तोही नाही. मेलिफेराच्या पेट्या सह्याद्रीच्या माथ्यावर चढवू नयेत, अशी आमची स्पष्ट विनंती आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या रोगाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. पेट्यांची बेबंद ने-आण झाली की रोगही बरोबर प्रवास करतो.

आग्या मोहोळाचा मध हा स्वतंत्र विषय आहे. २००६ च्या वन हक्क कायद्यात मध गौण वनोपजात मोडतो, ग्रामसभांचा त्यावर हक्क आहे. पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रस येतो आणि तो लवकर आंबतो. मधाचा भाग तेवढा कापून पिलावा, म्हणजे अळ्यांचा भाग, राखण्याची पद्धत शिकवणारे प्रशिक्षक मेळघाट आणि गडचिरोलीत कायमचे नेमावेत, इतकेच इथे म्हणतो.

आता हे सारे करणार कोण? १९६२ पासून पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. त्याच शहरात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि एनएमआर यंत्रे असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. माशी, पराग, झाड आणि रसायन जाणणारी माणसे एका शहरात आहेत. नवी इमारत बांधण्याआधी या चौघांना एका करारात आणून खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयाशी जोडावे आणि पाच वर्षांचा निधी एकदम मंजूर करावा. दरवर्षी नूतनीकरणाची वाट पाहणारा प्रकल्प फुलोऱ्याची वाट चुकवतो. संग्रह उभा राहिला की भौगोलिक मानांकनाचा अर्ज, सातेरीच्या मधासाठी पाण्याच्या वेगळ्या मर्यादेचा प्रस्ताव आणि खरेदीदाराला दाखवायचा दाखला, तिन्ही त्याच आकड्यांवर उभे राहतील. २०२४ मध्ये सुंदरबनच्या मधाला मानांकन मिळाले आहे.

वेळेचा मुद्दा शेवटी. जांभूळ साधारण मार्चपासून फुलू लागते आणि मध पावसाआधी काढून होतो, म्हणून नमुने घेणारी माणसे आणि बरण्या फेब्रुवारी संपण्यापूर्वी गावांत पोहोचायला हव्यात. कारवीचा मोठा बहर २०१६ मध्ये आला, मग २०२४ मध्ये. पुढचा साधारण २०३२ च्या सुमारास येईल. अधल्यामधल्या वर्षांत काही डोंगरांवर ती तुकड्या-तुकड्यांनी फुलते, तेवढे नमुने दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मिळवता येतील. त्यासाठीचा आदेश जूनपूर्वी निघावा, ही विनंती.

आपले,
सह्याद्रीतील मधपाळ आणि मध तपासणी क्षेत्रात काम करणारे अभ्यासक