झालरवाला पास्ता आणि मफाल्दा

प्रिय शर्वरी,

इटलीत नवीन काय करून खाल्लंस, या तुझ्या मेसेजला नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून भागणार नाही म्हणून हे पत्रच. नेपल्सला आल्यापासून स्पॅगेटी आणि पेन्नेच्या पलीकडचं काहीतरी करून बघायचं मनात होतं, तर या रविवारी मफाल्दिने नावाचा पास्ता केला. लांब पट्टी, साधारण बोटाएवढी रुंद, आणि दोन्ही कडांना फ्रॉकच्या झालरीसारख्या चुण्या. इथे तो रगू आणि रिकोटाबरोबर खातात, म्हणजे रगूसाठी बीफ-पोर्कचे तुकडे टोमॅटोत तासन्‌तास मंद आचेवर रटरटत ठेवायचे, आणि रिकोटा, म्हणजे पनीरसारखं मऊ ताजं चीज, वाडग्यात घेऊन त्यात पास्त्याचं गरम पाणी थोडं थोडं घालत घोटायचा, की तो सैल होतो, मग त्यात पास्ता घोळवायचा आणि वरून रगू. चुण्यांत सॉस असा जाऊन बसतो गं, की ताटलीत खाली काही उरतच नाही! मला हा पेन्नेपेक्षा कितीतरी आवडला.

पण खरं सांगायचंय ते नावाबद्दल. हा पास्ता इटलीची राजकन्या मफाल्दा हिच्या नावाचा आहे, राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याची मुलगी, जन्म 1902 चा. याला रेजिनेत्ते असंही म्हणतात, म्हणजे छोट्या राण्या. आणि तिचं पुढे काय झालं माहितीये? तिने जर्मन राजघराण्यात लग्न केलं, 1943 मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी तह केल्यावर नाझींनी तिला पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं, आणि ऑगस्ट 1944 मध्ये तिथल्या कारखान्यावर बॉम्ब पडले त्यात ती जखमी झाली आणि गेली. 1946 ला जनमत घेऊन राजेशाही पण संपली, पाकिटावर मात्र मफाल्दा अजून आहे. हे वाचल्यावर मी ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

अशीच चुणी एकाच कडेला असली की त्या पट्टीला त्रिपोलिने म्हणतात, लिबियातल्या त्रिपोली शहरावरून, कारण 1911 मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली आणि त्या जोशात पास्त्यालाही तसली नावं दिली गेली. मला हे बरोबर वाटत नाही, दुसऱ्याचं शहर घेतलं म्हणून त्याचं नाव जेवणाला कसलं द्यायचं.

बाकी बरीचशी नावं मात्र साधी, डोळ्यांना दिसलं तसं ठेवलेली. स्पॅगेटी म्हणजे बारीक दोऱ्या, पेन्ने म्हणजे लेखण्या, ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान, फार्फाल्ले म्हणजे फुलपाखरं, आणि तीच फुलपाखरं इथल्याच बोलोन्या शहराकडे गेलीस की स्त्रिकेत्ती होतात. शेवटावरून साईजही कळते, कोंकिल्ये म्हणजे शिंपले, कोंकिल्येत्ते म्हणजे सूपमध्ये घालायचे चिमुकले आणि कोंकिल्योनी म्हणजे सारण भरता येईल एवढे मोठे. रिगाते लिहिलं असलं की वर रेघा असतात, त्या सॉस धरून ठेवतात, त्यामुळे दुकानात मी आता तेवढंच वाचून पाकीट उचलते.

डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय, तेव्हा मफाल्दिने आणि कोंकिल्योनी दोन्ही आणते. काकूंसाठी मांस न घालता करू, नुसता टोमॅटो आणि रिकोटा, तोही छान लागतो. रिकोटा तिकडे ताजा मिळतो का तेवढं बघून ठेव, नाहीतर आपण घरीच दूध फाडू.

तुझी,
मैथिली