मॅडम, त्या सात मिनिटांसाठी आभार

आदरणीय मॅडम,

ऊतीच्या अर्कातली शर्करा फॉस्फेटं, म्हणजे फॉस्फेट जोडलेल्या साखरा, ओळखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्या प्रकल्पाशी तुमचा काहीच संबंध नव्हता. तरी हातातलं काम बाजूला ठेवून तुम्ही माझ्याबरोबर वॉटर बाथपाशी उभ्या राहिलात. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत, असं फार दिवस मनात होतं.

ग्लुकोज-१-फॉस्फेट आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट यांचं रेणुसूत्र एकच. फॉस्फेट कुठल्या कार्बनवर बसलाय, एवढाच फरक. तुम्ही म्हणालात, तो बंध आम्लात किती टिकतो ते बघ. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १०० अंश सेल्सिअसला ७ मिनिटं ठेवलं की पहिल्याचा फॉस्फेट जवळपास सगळा सुटतो. दुसऱ्याचा जागचा फारसा हलत नाही. शिवाय पहिला तापवण्याआधी फेहलिंगच्या द्रावणाला (क्षपण करणारी साखर ओळखायच्या तांब्याच्या निळ्या द्रावणाला) दाद देत नाही, कारण त्याचा क्षपण करणारा कार्बनच फॉस्फेटने अडवलेला असतो. फॉस्फेट सुटला की तीच नळी लाल साका देते. हे डोळ्यांनी पाहिलं आणि रचनासूत्रं मला खऱ्या अर्थाने कळली. ट्रायोज (तीन कार्बनच्या साखरांच्या) फॉस्फेटांना तर उष्णताही लागत नाही, साध्या तापमानाला १ नॉर्मल अल्कात ती तुटतात.

सुटलेला फॉस्फेट मोजायला फिस्के आणि सुब्बाराव यांची १९२५ ची मॉलिब्डेटची पद्धत तुम्ही शिकवलीत; फॉस्फेट जितका जास्त, तितका निळा रंग गडद. पण निळ्या रंगाआधी तुमचा आग्रह शून्य मिनिटाच्या, म्हणजे न तापवलेल्या, नळीचा. अर्कात मुळातच असलेला मुक्त फॉस्फेट वजा केल्याशिवाय पुढचा आकडा तुम्ही वहीत लिहू दिला नाहीत.

ही फॉस्फेटं एकमेकांपासून वेगळी करायची बेरियमची पायरीही तुमचीच. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचा बेरियम क्षार पाण्यात खाली बसतो, हेक्सोज मोनोफॉस्फेटांचे (एकच फॉस्फेट असलेल्या सहा कार्बनच्या साखरांचे) क्षार विरघळलेले राहतात आणि अल्कोहोल घातल्यावर साकळतात. इतकी सोपी विभागणी हल्ली कुणी फारशी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रिसॉर्सिनॉलचा लाल रंग आला म्हणून लगेच फ्रुक्टोज-६-फॉस्फेट लिहू नकोस, हेही तुमचंच. तो रंग कीटोज, म्हणजे फ्रुक्टोजसारखी कीटोन गटाची साखर, आहे एवढंच सांगतो. फॉस्फेट कुठे आहे, ते हायड्रोलिसिसच्या, म्हणजे पाण्याने बंध तुटण्याच्या, वेगाला विचारायचं. आज माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात प्रत्येक संयुगापुढे निदान दोन स्वतंत्र पुरावे आहेत. तो दुसरा रकाना तुमच्यामुळे आहे.

मनापासून आभार.

आपली विद्यार्थिनी