तडजोडीची यादी मतदानाआधी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळत नाही, एखादा लहान पक्ष मोठ्या पक्षाबरोबर सरकारात जातो आणि थोड्याच दिवसांत त्याचे मतदार फसवणूक झाल्याचे बोलू लागतात. त्यांना मिळणारे उत्तर ठरलेले असते: आघाडीच्या राजकारणात तडजोड करावीच लागते, ते मतदाराला कळत नाही. मला हे उत्तर पटत नाही. जेमतेम दहा टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला आपला सगळा जाहीरनामा अमलात आणता येणार नाही, हे त्याला मत देणाऱ्याला पुरते ठाऊक असते. लाट दुसऱ्याची असताना तो या पक्षाकडे वळतो, तो आपला एखादा प्रश्न सभागृहात कोणीतरी लावून धरावा एवढ्याचसाठी. पक्ष कशावर तडजोड करणार हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते आणि ज्या एका मुद्द्यासाठी त्याने मत दिले तोच वाटाघाटीच्या पहिल्या फेरीत सोडून दिला जातो. राग येतो तो याचाच. मी स्वतः दोनदा लहान पक्षाला मत दिलेले आहे, त्यामुळे हा राग मला ऐकून माहीत नाही.

ब्रिटनमधील लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे उदाहरण या विषयावर नेहमी दिले जाते. २०१० मध्ये या पक्षाला २३ टक्के मते आणि ५७ जागा मिळाल्या. विद्यापीठांचे शुल्क वाढवण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला विरोध करू, अशा प्रतिज्ञेवर त्याच्या उमेदवारांनी प्रचारात सह्या केल्या होत्या. हुजूर पक्षाबरोबर झालेल्या करारात मात्र या विषयावर तटस्थ राहण्याची मुभा, एवढेच त्यांच्या पदरात पडले. डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधील शुल्काची कमाल मर्यादा सुमारे ३,३०० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा पक्षाच्या २१ खासदारांनी विरोधात मत दिले, तर पक्षनेते आणि उपपंतप्रधान निक क्लेग यांनी बाजूने. दोन वर्षांनी त्यांनी माफी मागितली. तीही वचन मोडल्याची नव्हे, ते दिल्याची! २०१५ मध्ये पक्षाच्या ८ जागा उरल्या.

याच पक्षाची दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या नव्या संसदेत त्याला १७ जागा मिळाल्या आणि तो मजूर पक्षाबरोबर सत्तेत गेला. प्रश्न तिथेही विद्यापीठांच्या शुल्काचाच होता. पक्षाने तो सोडला नाही. आधी त्यावर समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी प्रवेशाच्या वेळी भरावे लागणारे शुल्क रद्द होऊन त्याऐवजी पदवीनंतर फेडायची सुमारे २,००० पौंडांची रक्कम ठरली. हीसुद्धा तडजोडच होती, सगळे माफ झाले नव्हतेच. तरीही २००३ च्या निवडणुकीत पक्षाने आपल्या १७ जागा राखल्या. जागा राखण्यामागे इतर कारणेही असतील, हे मान्य. पण तोच पक्ष, तोच प्रश्न आणि दोन्हीकडे दुय्यम भागीदाराचीच जागा, असे असताना निकाल इतका वेगळा लागतो; मग सत्तेत जाणेच मतदाराला रुचत नाही, असे म्हणता येत नाही.

आपल्या देशातले ताजे उदाहरण हरियाणाचे आहे. २०१९ मध्ये ९० जागांच्या विधानसभेत भाजपला ४० जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला सहा कमी. भाजपविरोधात प्रचार करून १० जागा जिंकलेला, जेमतेम वर्षभराचा जननायक जनता पक्ष लगेच त्यांच्याबरोबर सरकारात गेला आणि दुष्यंत चौटाला उपमुख्यमंत्री झाले. पुढे कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले. या पक्षाचा आधार ग्रामीण, शेतकरी समाजात, आणि पक्ष मात्र सत्तेतच राहिला. स्थानिकांना खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के आरक्षणाचे आश्वासन त्याने कायद्यात उतरवून घेतले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तो कायदा २०२३ मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही. युती मार्च २०२४ मध्ये तुटली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही, मते एक टक्क्याच्याही खाली गेली आणि चौटाला स्वतः पराभूत झाले. (महाराष्ट्रातील उदाहरणे मी मुद्दाम टाळतो आहे. ती निघाली की कोणी कोणाच्या पाठीत खंजीर खुपसला, यावरच चर्चा घसरते.)

लहान पक्षाची अडचण खरी असते. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असल्यामुळे न पटलेल्या निर्णयाचेही त्याला जाहीरपणे समर्थन करावे लागते, आणि जे चांगले घडते त्याचे श्रेय मुख्यमंत्र्याच्या किंवा पंतप्रधानाच्या नावावर जमा होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ब्रिटनमध्ये १०,००० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट देण्याचे वचन मुळात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे होते आणि ते पूर्णही झाले. २०१५ च्या प्रचारात ते आपलेच यश म्हणून हुजूर पक्षाने मिरवले. यावर उपाय म्हणून काही जण सरकारात न जाता बाहेरून पाठिंबा देण्याचा मार्ग सुचवतात. २००४ मध्ये केंद्रातील काँग्रेसप्रणीत सरकारबाबत डाव्या पक्षांनी ५९ खासदारांच्या बळावर तोच मार्ग धरला होता. सोबत किमान समान कार्यक्रमही होता. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून २००८ मध्ये त्यांनी पाठिंबा काढला आणि २००९ मध्ये ते २४ वर आले. त्यात बंगालमधील भूसंपादनाच्या असंतोषाचा वाटा मोठा होता, पण बाहेर राहिल्याने मतदार सांभाळून घेतोच असे नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

दुसरा उपाय म्हणजे सत्तेत जाण्याचा करार पक्षाच्या सर्व सदस्यांपुढे मतदानाला ठेवणे. जर्मनीत सोशल डेमोक्रॅट पक्षाने २०१३ आणि २०१८ मध्ये तो ठेवला. आयर्लंडच्या ग्रीन पक्षाने २०२० मध्ये ठेवला, तेव्हा सुमारे ७६ टक्के सदस्यांनी होकार दिला. आपल्याकडे असे मतदान झाले तर मी त्याचे स्वागतच करीन, कारण इथे असे निर्णय चार-पाच नेते एका खोलीत घेतात आणि कार्यकर्त्याला ते दूरचित्रवाणीवरून कळतात. तरी यावर फार विसंबता येत नाही. त्याच ग्रीन पक्षाच्या १२ जागा २०२४ मध्ये एकावर आल्या. सदस्य म्हणजे मतदार नव्हेत. सदस्याला पक्ष सत्तेत हवा असतो. मतदाराला त्याचा प्रश्न सुटायला हवा असतो.

आपला कायदाही या बाबतीत एकाच दिशेने पाहतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदाराला पक्षाशी बांधले. पक्षाचा व्हिप, म्हणजे सभागृहात कसे मत द्यायचे याचा आदेश, मोडला तर त्याचे सदस्यत्व जाते. पण अख्खा पक्षच ज्याच्याविरुद्ध मते मागितली त्याच्या मांडीला मांडी लावून बसला, तर त्यात पक्षांतर होत नाही. मतदाराच्या हाती कोणताही व्हिप नाही. यासाठी आणखी एक कायदा करावा असे मी म्हणणार नाही; निवडणुकीनंतरची आघाडी कायद्याने रोखली, तर त्रिशंकू सभागृहात सरकारच बनणार नाही.

मतदानाआधी आपण कोणाबरोबर जाणार आणि काय सोडणार हे सांगितले की वाटाघाटीतले बळ जाते, असा बचाव नेते करतात. मला उलटे वाटते. ‘या तीन गोष्टींवर मी लोकांना लेखी शब्द दिला आहे, त्या सोडून बोला’ असे म्हणू शकणारा पक्ष बैठकीत अधिक ताठ बसतो. ज्याने सगळेच मोघम ठेवले, त्याच्याकडून मोठा पक्ष खात्यांच्या बदल्यात काहीही सोडवून घेऊ शकतो. शिवाय ज्या गोष्टी सोडता येतील त्यांची यादी प्रचारातच दिलेली असेल, तर पुढे त्या सुटल्या म्हणून कोणी विश्वासघात म्हणणार नाही.

म्हणून माझी विनंती पक्षांपेक्षा आपल्याला आहे. प्रत्येक निवडणुकीत आपण लहान पक्षांच्या नेत्यांच्या मुलाखती छापता आणि त्यांत किती जागा येतील, मुख्यमंत्री कोण, हेच प्रश्न अधिक असतात. त्याऐवजी त्रिशंकू स्थितीत कोणाबरोबर मुळीच जाणार नाही, कोणते मुद्दे काही झाले तरी सोडणार नाही आणि कोणते सोडता येतील, हे विचारावे. उत्तर टाळले तर ‘उत्तर दिले नाही’ असेच छापावे. पुढे त्यांपैकी एखादा पक्ष सत्तेत गेला, तर शपथविधीच्या छायाचित्राशेजारी ती मुलाखत, तारखेसह, जशीच्या तशी पुन्हा द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक