अठ्ठावीस कोअरचा सर्व्हर आणि एका खात्याचे व्याज

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत आटोपतात आणि त्यानंतर संगणक खरेदीचे ठराव अमलात येऊ लागतात. आपल्या मराठवाड्यात तालुक्याच्या ठिकाणच्या पतसंस्था, बाजार समित्या, महाविद्यालये आणि मोठी वाचनालये या काळात दरपत्रके मागवतात. त्यांपैकी बऱ्याच दरपत्रकांत मुख्य यंत्राविषयी एवढेच लिहिलेले असते, की ‘सर्व्हर प्रोसेसर असावा’. हे वाक्य किती महागात पडू शकते, याचा अनुभव आमच्या संस्थेने घेतला आहे. इतर संस्थांच्या संचालकांना आणि व्यवस्थापकांना तो उपयोगी पडावा, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

मी परभणी जिल्ह्यातील एका पतसंस्थेत सतरा वर्षांपासून संगणकाचे काम पाहतो. मुख्य कार्यालय आणि शाखा मिळून आमच्याकडे अठरा संगणक आहेत आणि सर्वांची माहिती एकाच यंत्रावर साठते. २०२१ साली ते यंत्र बदलायची वेळ आली, तेव्हा एका विक्रेत्याने संचालक मंडळापुढे दोन प्रोसेसरचा, नूतनीकरण केलेला जुना सर्व्हर ठेवला. त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६८० व्ही४ हे दोन प्रोसेसर होते, म्हणजे प्रत्येकी १४ असे एकूण २८ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग). शेजारी मी सुचवलेला सहा कोअरचा नवा डेस्कटॉप प्रोसेसर अर्थातच किरकोळ दिसला. किंमत जवळपास सारखी, एकीकडे २८ आणि दुसरीकडे ६, शिवाय नावात ‘सर्व्हर’. मंडळाने जे ठरवले ते त्यांच्या समोरच्या माहितीवरून योग्यच होते, कारण त्या आकड्यांमागे काय आहे हे मला त्या दिवशी नीट मांडता आले नाही. ही खंत आजही मनात आहे.

मांडायला हवे होते ते ३१ मार्चच्या रात्री सर्वांना दिसले. वर्षअखेरची व्याज आकारणी संध्याकाळी सात वाजता सुरू केली आणि ती संपायला अकरा वाजत आले. मधल्या काळात मी टास्क मॅनेजर उघडून व्यवस्थापकांना दाखवला. पडद्यावर ५६ छोटे चौकोन होते, कारण या प्रोसेसरमधील प्रत्येक कोअर दोन धागे, म्हणजे एकाच वेळी दोन कामे, चालवतो. त्या ५६ पैकी एक चौकोन काठोकाठ भरलेला होता, शेजारच्या दोन-तीन चौकोनांत थोडी हालचाल होती आणि बाकीचे कोरे होते. साहेबांनी विचारले, “बाकीचे बंद पडलेत का?” बंद काहीच पडले नव्हते. त्यांच्यासाठी काम नव्हते.

आमची प्रणाली व्याज काढताना एका खात्यानंतर दुसरे खाते घेते. बँकेत २८ खिडक्या उघडल्या तरी एका माणसाचे पासबुक एकाच खिडकीवर भरले जाते आणि ते लवकर भरून हवे असेल तर त्या खिडकीवरच्या कारकुनाचा हात चपळ लागतो. २०१६ साली बाजारात आलेल्या या झिऑनचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २.४ अब्ज ठोके, असून तो जास्तीत जास्त ३.३ पर्यंत जातो. २०२२ च्या जानेवारीत आलेला साधा कोअर आय५-१२४०० मात्र ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो आणि दर ठोक्याला जुन्या झिऑनपेक्षा अधिक कामही उरकतो. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी दरपत्रकात कोणीच लिहीत नाही. लहान संस्थांच्या पुष्कळशा प्रणालींप्रमाणे आमचीही एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवर चालते. २०१९ आणि २०२२ च्या एक्स्प्रेस आवृत्त्या एका प्रोसेसरवरचे चारच कोअर वापरतात आणि एका डेटाबेसचा आकार १० जीबीच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे उरलेल्या २४ कोअरना हा डेटाबेस कधी हातच लावणार नव्हता.

त्या कोअरसाठी पैसे मात्र मोजावे लागले. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरच्या संख्येवर घ्यावा लागतो. किमान १६ कोअरचा परवाना घ्यावाच लागतो आणि कोअर त्याहून अधिक असतील तर तेवढ्यांचा. विक्रेत्याने आम्हाला १६ चाच दिला होता. पुढच्या तपासणीत ही त्रुटी निघाली आणि रिकाम्या बसलेल्या कोअरसाठी संस्थेला वरची रक्कम भरावी लागली. सभासदांच्या पैशातून झालेला हा खर्च मला फार लागला.

विजेचा हिशेबही तसाच आहे. मी प्लगमध्ये मीटर लावून पाहिले तेव्हा हे यंत्र काहीही करत नसताना दीडशे वॅटच्या आसपास वीज घेत होते, तर आम्ही नंतर घेतलेले नवे यंत्र चाळीसच्या आसपास घेते. फरक ११० वॅटचा धरला आणि यंत्र वर्षभर चोवीस तास चालू राहिले, तर वर्षाला साडेनऊशेहून अधिक युनिट केवळ फरकापोटी जातात. शिवाय जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता खोलीत येते. बऱ्याच सर्व्हरच्या माहितीपत्रकात खोलीचे तापमान १० ते ३५ अंश असावे असे लिहिलेले असते. आमच्या परभणीत मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना वातानुकूलन बंद पडले, की बंद खोलीचे तापमान ही मर्यादा बघता बघता ओलांडते. भारनियमनाच्या वेळी यूपीएसवर हे यंत्र किती मिनिटे तग धरते, तेही याच वॅटवर ठरते. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या शाखेतल्या यंत्राचे झाकण उघडले, तर पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत तंतूंची पांढरी गादी बसलेली आढळते. एकाच शांत पंख्याचे यंत्र ब्रशने पाच मिनिटांत साफ होते. सहा वेगवान पंखे चोवीस तास हवा ओढणारे यंत्र तेच तंतू कितीतरी जास्त आत घेते.

हे सारे वाचून सर्व्हर प्रोसेसर निरुपयोगी असतो असे मी म्हणतो आहे, असे कोणी समजू नये. त्याची एक गोष्ट मी कोणत्याही आर्थिक संस्थेला सोडू देणार नाही आणि ती म्हणजे चूक दुरुस्त करणारी, ईसीसी प्रकारची रॅम. डीडीआर ४ या पिढीच्या रॅमची साधी पट्टी हातात घेतली तर तिच्या एका बाजूला बहुधा आठ काळ्या चिप दिसतात. ईसीसी पट्टीवर त्या जागी नऊ असतात. माहितीच्या दर ६४ बिटांमागे पडताळणीचे ८ बिट ठेवण्यासाठी ही नववी चिप असते. त्यांच्या आधारे एक बिट उलटा झाला तर तो आपोआप सुधारला जातो आणि दोन उलटे झाले तर निदान ते कळते. साध्या रॅममध्ये शून्याचा एक झाला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

असे खरोखर घडते का, हा प्रश्न मला संचालकांनी विचारला होता. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या शार्बेक येथे एका उमेदवाराच्या नावावर यंत्राने ४०९६ मते जास्त दाखवली. पक्षाच्या यादीला मिळाली नसतील एवढी मते एका उमेदवाराला मिळालेली दिसली, म्हणून ती चूक पकडली गेली. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. ४०९६ हा आकडा २ चा बारावा घात आहे, म्हणजे स्मृतीतील एकच बिट आपोआप उलटला तर नेमका एवढाच फरक पडतो, आणि तोच निष्कर्ष निघाला. गूगलच्या यंत्रांवरील २००९ च्या अभ्यासातही दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत निदान एकदा तरी चूक झाल्याचे आढळले होते. मुदत ठेवीच्या रकमेत ४०९६ रुपयांचा फरक पडला आणि तो कोणाच्या डोळ्यांत भरण्याइतका मोठा नसला, तर तो ताळेबंदात कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या माथी निघेल? रोज उन्हातान्हात फिरून पिग्मी गोळा करणाऱ्या आमच्या एजंटावर संशय जाण्याची शक्यता मला नेहमी जास्त भेडसावते.

इथे खरेदीदाराची आणखी एक फसगत होते. डीडीआर ५ च्या रॅममध्ये ईसीसी आतच असते, तेव्हा वेगळी घेण्याची गरज नाही, असे दुकानात सर्रास सांगितले जाते. डीडीआर ५ च्या चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची सोय आहे हे खरे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. त्यासाठी ईसीसीची पट्टी वेगळीच घ्यावी लागते आणि प्रोसेसर व मदरबोर्ड या दोघांनीही तिला साथ द्यावी लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनचे अनेक कोअर प्रोसेसर डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डावर ईसीसी चालवतात. एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरमध्येही ती चालते, मात्र ते बोर्डावर अवलंबून असते, म्हणून बोर्डाच्या माहितीपत्रकात तसे लेखी आहे का, हे पाहावे.

डेस्कटॉप आणि सर्व्हर यांमधली भिंत आता पूर्वीसारखी उंच राहिलेली नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेले झिऑन ई-२४०० मालिकेचे प्रोसेसर इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचेच भाऊबंद आहेत. एएमडीने २०२४ च्या मे महिन्यात आणलेले एपिक ४००४ हे तर रायझनच्याच एएम५ सॉकेटमध्ये बसतात. फरक ईसीसीच्या अधिकृत हमीत आणि अशा यंत्रांच्या बोर्डावर मिळणाऱ्या दूरनियंत्रणाच्या सोयीत आहे. ही दुसरी सोय आपल्याकडे फार मोलाची ठरते, कारण यंत्र बंद पडले तरी साठ किलोमीटरवरच्या शाखेत एसटीने न जाता ते इथूनच चालू करता येते आणि त्याचा पडदाही पाहता येतो.

डेस्कटॉप प्रोसेसर चोवीस तास चालवला की लवकर जळतो, ही समजूत मी स्वतः अनेक वर्षे ऐकत आलो. माझ्या हाताखालून गेलेल्या यंत्रांत आधी पॉवर सप्लाय गेला, मग पंखा, मग हार्ड डिस्क, आणि प्रोसेसर अगदी क्वचित. मात्र एक अपवाद सांगितलाच पाहिजे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ साली मान्य केले, मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि हमीही दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असलेले यंत्र घेताना त्याचा बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्याचे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

मोठा सर्व्हर प्रोसेसर जिथे लागतो तिथे त्याला पर्याय नाही. एका यंत्रावर वीस-पंचवीस आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने तयार केलेले स्वतंत्र संगणक) चालवायची असतील, शेकडो विद्यार्थी एकाच वेळी परीक्षा देणार असतील किंवा विद्यापीठात हवामानाच्या प्रतिमानांची गणिते सोडवायची असतील, तर काम आपोआप अनेक कोअरवर वाटले जाते आणि स्मृतीही भरपूर लागते. सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमशी जोडणाऱ्या दोनच वाहिन्या असतात, तर एपिक ९००४ मालिकेला बारा असून कोअर १२८ पर्यंत मिळतात. जिल्हा पातळीवरच्या संस्थेने अशा यंत्रावर खर्च केला तर तो वाया जाणार नाही. अठरा संगणकांच्या पतसंस्थेची गरज मात्र तेवढी नाही.

२०२४ साली आम्ही झिऑन ई-२४३४ घेतला. त्याला चारच कोअर आहेत, वेग ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि उष्णतेची मर्यादा ५५ वॅट आहे. जुन्या यंत्रातलीच एसएसडी त्यात बसवली आणि डेटाही तोच होता. पुढच्या ३१ मार्चला सात वाजता सुरू केलेली व्याज आकारणी पावणेनऊच्या आत संपली आणि कर्मचारी घरी जेवायला गेले.

यंदा शेजारच्या तालुक्यातील एका संस्थेने दरपत्रकाचा मसुदा मला पाहायला दिला होता. ‘सर्व्हर प्रोसेसर असावा’ हे वाक्य खोडून मी त्या जागी चार ओळी लिहिल्या: प्रोसेसरचे पूर्ण नाव व तो बाजारात आल्याचे वर्ष लिहावे, ईसीसी रॅम चालू असल्याचे यंत्र सुरू करून दाखवावे, कोअरच्या संख्येइतका परवाना दरात धरावा, आणि आमच्याच डेटाच्या प्रतीवर व्याज आकारणी चालवून लागलेला वेळ नोंदवावा. तीन विक्रेत्यांपैकी दोघांनी चौथ्या अटीला हरकत घेतली. तिसरा यंत्र घेऊन कार्यालयात आला, दुपारभर बसला आणि वेळ लिहून, सही करून गेला.

आपला विश्वासू,
एक वाचक,
जि. परभणी