‘ग्राहक उपलब्ध नाही’ : नौदलात प्रशिक्षण घेणाऱ्या मुलीच्या पत्रांबाबत तक्रार

पुणे, दिनांक २० जानेवारी २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
साप्ताहिक पत्रसेवा विभाग

विषय : चौदा पत्रांच्या सेवेतील त्रुटी, मजकुरात परस्पर घातलेली भर आणि भरलेल्या रकमेचा परतावा

महोदय / महोदया,

मी सिंहगड रस्त्यावर राहणारी आपली ग्राहक असून, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या संकेतस्थळावर चौदा पत्रांच्या योजनेचे २,१०० रुपये भरले आहेत. दर शनिवारी मी मजकूर टाइप करून आणि एखादे छायाचित्र जोडून द्यायचे, आणि आपण ते छापून, पाकिटात घालून, सोमवारी स्पीड पोस्टाने माझ्या मुलीकडे रवाना करायचे, अशी ही योजना होती. २ डिसेंबरपासून १३ जानेवारीपर्यंत सात सोमवार झाले. सात पत्रांपैकी दोन तिला मिळाली, दोन आपल्याकडे परत आली, एक माझ्याच दारात येऊन पडले आणि उरलेल्या दोहोंचा आजतागायत थांग नाही. जी दोन मिळाली त्यांच्याबद्दलची माझी तक्रार न मिळालेल्या पाचांपेक्षा मोठी आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे. ते शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

माझी मुलगी नौदलात अग्निवीर म्हणून भरती झाली असून, ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी असलेल्या आय.एन.एस. चिल्का येथे तिचे सोळा आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण चालू आहे. अग्निपथ योजना जाहीर झाली जून २०२२ मध्ये, आणि त्याच भरतीतून नौदलात खलाशी म्हणून मुली पहिल्यांदा दाखल झाल्या; त्यांचा समावेश असलेली अग्निवीरांची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली ती २८ मार्च २०२३ रोजी. सांगायचा मुद्दा असा की, टिळक तलावात पोहायला शिकलेली आमची मुलगी नौदलात गेली तेव्हा, ‘अशा वेळी घरून काय लिहायचे असते’ हे विचारायला आमच्या नात्यात किंवा सोसायटीत कोणीही अनुभवी माणूस नव्हते. जे ठरवायचे ते आम्हीच ठरवले.

आम्ही ठरवले ते असे, की पत्रात रडगाणे गायचे नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत जिचा दिवस कवायत, पोहणे, वर्ग आणि शिट्टी यांवर चालतो, तिच्या हाती पत्र पडले तर ते ती झोपण्याआधीच्या चार-पाच मिनिटांत वाचणार; घरच्या कोणत्याही अडचणीवर तिला तिथून काही करता येणार नाही; तेव्हा त्या चार-पाच मिनिटांत तिला हसू यावे एवढेच आमचे काम. शुक्रवारी रात्री मी, माझे यजमान आणि सासूबाई मिळून आठवड्यातील गमती गोळा करायचो. यजमान पोळ्या करायला शिकत आहेत, आणि त्यांची पहिली पोळी हुबेहूब ओडिशाच्या नकाशासारखी झाली होती, तिचे छायाचित्र पहिल्याच पत्राला जोडले होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी सासूबाईंचे एक कोडे असे आणि त्याचे उत्तर पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत. माझ्यापुरता मी आणखी एक नियम केला होता : चौदा पत्रांत ‘आठवण’ हा शब्द एकदाही येऊ द्यायचा नाही. हा नियम पाळणे वाटते तितके सोपे नाही. ऑक्टोबरमध्ये माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले नसते, तर ही पत्रे मी हातानेच लिहिली असती आणि आपला-माझा संबंधही आला नसता.

मागणी नोंदवतानाच ‘विशेष सूचना’ या चौकटीत मी स्पष्ट लिहिले होते की पाकीट साधे पांढरे असावे. त्यावर चित्र, चमकी, रिबीन, अत्तर यांपैकी काही नसावे. आत खाण्याची वस्तू घालू नये. पहिले पत्र गेले ते गुलाबी पाकिटातून. त्यावर फुग्यांचे चित्र होते, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा छाप होता (तिचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो), आत आपल्या जाहिरातीचे चॉकलेट होते आणि पाकीट उघडताच सोनेरी चमकीचा सडा पडला. मुलीने फोनवर सांगितले की ओल्या फडक्याने पुसली तरी ती चमकी फरशीच्या सांध्यांतून निघत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीआधी खोलीतील मैत्रिणींसह ती नखाने एकेक कण टिपत बसली होती. शिक्षेच्या कवायतीला सैनिकी बोलीत ‘रगडा’ म्हणतात. सासूबाईंनी तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा त्यांना पॅटिसबरोबरचा रगडाच डोळ्यांसमोर आला होता. तो प्रसंग चमकीमुळे ओढवला नाही, हे केवळ त्या मुलींच्या चिकाटीमुळे. ज्या ठिकाणी सगळ्यांनी सारखे दिसायचे असते, तिथे एकटीच्या नावाने असे पाकीट येणे म्हणजे काय, याचा विचार कोणी केला होता का?

पुढच्या पाकिटांपैकी बहुतेक आपण स्पीड पोस्टाने पाठवलीच नाहीत. स्पीड पोस्टाचा क्रमांक तेरा स्थानांचा असतो आणि ‘आय-एन’ या अक्षरांनी संपतो. आपण कळवलेल्या सातपैकी पाच क्रमांक तसे नाहीत, ते एका खासगी कुरियरचे आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या पत्राच्या माग काढण्याच्या पानावर एकच शेरा आहे : ‘ग्राहक उपलब्ध नाही, पाकीट परत.’ जी मुलगी परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकू शकत नाही, तिच्या अनुपलब्धतेचा हा शेरा वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. आपण परत आलेल्या पाकिटाचे छायाचित्र पाठवलेत तेव्हा उलगडा झाला. पत्त्याची ओळ आपल्या छपाईयंत्रात मावली नव्हती. तिचे नाव छापले गेले होते, पण क्रमांक आणि डिव्हिजन (म्हणजे प्रशिक्षणार्थींच्या ज्या गटात ती आहे त्याचे नाव) गळाले होते, आणि संस्थेचे नाव ‘आय.एन.एस. चि’ येथे तुटले होते. शेकडो प्रशिक्षणार्थींच्या आवारात डिव्हिजनशिवाय पत्र पाठवणे हे शनिवार पेठेत घरक्रमांकाशिवाय घर शोधण्यासारखे आहे.

तिसऱ्या पत्राची कथा वेगळी आहे. त्यावर पत्ता ओडिशाचा आणि पिनकोड मात्र ४११ने सुरू होणारा, म्हणजे पैसे भरणाऱ्याच्या पत्त्यातून आपोआप उचललेला माझा स्वतःचा होता. साहजिकच ते पाकीट पुण्यातल्या पुण्यात फिरून माझ्याकडे आले. माझे वडील पुणे स्टेशनवर रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टिंग करत असत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, हे ते आम्हाला अभिमानाने सांगत. पहिला अंक ४ म्हणजे आपल्याकडचा विभाग, ७ म्हणजे पूर्वेकडचा. गावाचे नाव कोणत्याही लिपीत असो, नाही वाचता आले तरी आकडा बघून पत्र योग्य थैलीत पडावे, हीच त्यामागची सोय. त्या सोयीचा उपयोग आपण पत्र चुकीच्या थैलीत पाडण्यासाठी केलात. वडील असते तर त्यांनी आपल्याला माझ्याहून कडक पत्र लिहिले असते.

आता पाचव्या पत्राविषयी. ते ३० डिसेंबरला स्पीड पोस्टाने गेले, पाकीट साधे होते, पत्ता बरोबर होता आणि ते वेळेत पोहोचले. रविवार, १२ जानेवारी रोजी मुलीचा फोन आला. तिला बोलायला मोजकी मिनिटे मिळतात. मी संक्रांतीच्या तिळगुळाची गंमत सांगायला सुरुवात करणार, तोच तिने विचारले, “आई, खरं सांग, आजीच्या डोळ्यांना काय झालंय?” सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डिसेंबरमध्ये झाली, ती उत्तम झाली, हे तिला आधीच माहीत होते. तरी मी सांगितले की काही झालेले नाही. तिचा विश्वास बसेना. सासूबाईंना फोनवर आणून त्यांच्याच तोंडून ‘मी ठणठणीत आहे’ असे म्हणवून घेतले, तर तिला वाटले की आम्ही त्यांना तसे बोलायला लावतो आहोत. शेवटी तिने पत्र उघडून त्यातील वाक्य वाचून दाखवले. ते असे : ‘तुझ्याविना हे घर ओकेबोके झाले आहे, आजीचे डोळे तुझ्या वाटेकडे लागले आहेत आणि तुझ्या आठवणीने आम्हा सर्वांच्या घशाखाली घास उतरत नाही.’

हे वाक्य मी लिहिलेले नाही. ते आमच्या घरात कोणीच लिहिलेले नाही. माझ्या खात्यात मी दिलेला मजकूर आणि आपण छापलेली अंतिम प्रत अशा दोन्ही गोष्टी दिसतात, त्या शेजारी ठेवून मी तपासल्या. यजमानांनी स्वतःच्या हातच्या सात पोळ्या एका बैठकीत खाल्ल्याचे माझे वाक्य जिथे संपते, त्याच्या लगेच पुढे घशाखाली घास न उतरण्याचे हे वाक्य घातलेले आहे. म्हणजे ज्याने किंवा ज्या यंत्राने ते घातले, त्याने आधीचे वाक्य वाचलेही नव्हते. आपल्या प्रतिनिधीने फोनवर दिलेले स्पष्टीकरण असे, की मजकूर त्रोटक किंवा ‘कोरडा’ वाटला तर प्रणाली तो ‘अधिक हृद्य’ करते, आणि ही सोय विनामूल्य आहे. ही सोय मी मागितली नव्हती, तिची कल्पना मला दिली गेली नव्हती, आणि छापण्यापूर्वी अंतिम प्रत माझ्या संमतीसाठी आली नव्हती. माझे पत्र कोरडे नव्हते. त्यात काय लिहायचे नाही यावर आम्ही तिघांनी पाच शुक्रवार खर्च केले होते. जो शब्द मी कटाक्षाने टाळला, तोच आपण माझ्या सहीवर माझ्या मुलीला पाठवलात, आणि त्या आठवड्याचा तिचा फोन आम्ही ते निस्तरण्यात घालवला. फोन ठेवता ठेवता तिने आणखी एक प्रश्न विचारला : “पहिल्या ओळीत ‘उत्तर : लसूण’ असं आहे, पण प्रश्न काय होता?” तो चौथ्या पत्रात होता, आणि चौथे पत्र ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणून परत आले होते.

मी पहिली लेखी तक्रार १६ डिसेंबरला ई-मेलने केली. तिचा तक्रार क्रमांक मिळाला आणि त्यानंतर ती तीन वेळा ‘निराकरण झाले’ असे नोंदवून बंद करण्यात आली, प्रत्यक्षात काहीही झालेले नसताना. तिसऱ्यांदा बंद करताना आपण मला फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन भेटींवर दहा टक्के सवलतीचे कूपन पाठवलेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करावयाचे असते. तो महिना उलटून गेला आहे.

सबब, माझे पूर्ण २,१०० रुपये परत करावेत. मिळालेल्या दोन पत्रांचे पैसे कापून घेऊ नयेत, कारण एक माझ्या सूचनेच्या विरुद्ध होते आणि दुसरे माझे नव्हतेच. उरलेली सात पत्रे पाठवू नयेत. मुलीचे नाव, क्रमांक, पत्ता आणि आमच्या घरची छायाचित्रे आपल्याकडील साठ्यातून काढून टाकून तसे लेखी कळवावे. आणि पाचव्या पत्रातील ते वाक्य कंपनीने ग्राहकाच्या संमतीविना घातले, असा स्पष्ट खुलासा सही-शिक्क्यानिशी द्यावा. हे सर्व पंधरा दिवसांत न झाल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागू शकतो, आणि एवढ्या रकमेसाठी आयोगाकडे शुल्कही भरावे लागत नाही. तेव्हा दोन हजारांसाठी कोण भांडत बसणार, असा आपला हिशेब असल्यास तो सोडून द्यावा. १९७४ साली ग्राहक पंचायत ज्या शहरात उभी राहिली, त्या शहरातून हे पत्र येत आहे.

दरम्यान, १३ जानेवारीला मी टपाल कार्यालयातून अडीच रुपयांचे आंतर्देशीय पत्र आणले आणि दुखऱ्या मनगटाने, वेड्यावाकड्या अक्षरात, लसणाचे कोडे पुन्हा लिहून पाठवले. आत काही घालायला त्यात मनाईच असते, त्यामुळे चमकीची भीती नाही. काल रविवारी मुलीने फोनवर सांगितले की ते मिळाले, आणि कोडे तिच्या खोलीत कोणालाही सुटले नाही. आजीच्या डोळ्यांविषयी मात्र तिने काल पुन्हा विचारले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिचे दीक्षान्त संचलन आहे. आम्ही तिघेही कोणार्क एक्सप्रेसने बालुगावपर्यंत जाऊन तिथून चिल्क्याला पोहोचणार आहोत, आणि सासूबाईंना समोर पाहून तिची शंका फिटेल. परंतु ते वाक्य आईने लिहिले नव्हते, हे तिला कागदावर दाखवता यावे यासाठी आपला खुलासा त्याआधी माझ्या हाती असणे आवश्यक आहे. तो साध्या पाकिटातून, टपालानेच पाठवावा. या वेळी पिनकोड ४११ने सुरू होणाराच लिहावा.

कळावे,

आपली,
एक ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे

सोबत : पैसे भरल्याची पावती, सातही पत्रांचे क्रमांक, परत आलेल्या पाकिटाचे छायाचित्र, पाचव्या पत्राच्या दोन्ही प्रती आणि वापरात न आणलेले कूपन.