रेडिएशन सुरू होण्यापूर्वी आई-बाबांना

परळ, मुंबई
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझे बोलणे तुम्हाला नीट कळत नाही आणि तरीही तुम्ही दोघे ‘बरं, बरं’ म्हणत राहता, हे माझ्या लक्षात येते. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. खालचा ओठ अजून बधिर आहे. ‘आई’ हा शब्द मोकळा येतो, पण ‘बाबा’ म्हणायला ओठाला ओठ टेकावा लागतो आणि नेमके तेवढेच जमत नाही. तेव्हा बाबा, मी तुम्हाला हाक मारत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला काल २३ दिवस झाले. डाव्या गालाच्या आतला रोगट भाग, त्याला लागून असलेली खालच्या जबड्याची कड आणि मानेतल्या गाठी डॉक्टरांनी काढल्या. गालात पडलेली पोकळी भरण्यासाठी डाव्या हाताच्या मनगटाजवळची कातडी रक्तवाहिनीसकट उचलून तोंडात बसवली, ती रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडली आणि हातावरच्या जखमेवर मांडीची पातळ कातडी लावली. त्यामुळे मी घरी येईन तेव्हा गाल सुजलेला, मानेवर लांब व्रण आणि हातावर खोलगट डाग दिसेल. आई, पाहून घाबरू नकोस, सूज हळूहळू उतरते. नाकातली नळी १६ व्या दिवशी काढली. आता नाचणीची पेज, मिक्सरमधून काढलेला वरण-भात आणि ताक मी स्वतःच्या तोंडाने, थोडे थोडे करून गिळतो.

एक गोष्ट तुम्हाला आधी सांगितली नव्हती. तपासणीच्या अहवालात कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, पण मानेतल्या दोन गाठींमध्ये रोग सापडला. डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असतील तर त्या नष्ट व्हाव्यात, म्हणून रेडिएशन द्यायचे ठरले आहे. गावाकडे याला कोणी ‘लाईट’ म्हणते, कोणी ‘शेक’; परंतु त्यात अंगाला चटका बसत नाही. एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) मात्रा ३० भागांत विभागून, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे ते चालेल. शस्त्रक्रियेपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरुवात व्हावी लागते आणि मध्ये खंड पडू द्यायचा नसतो, म्हणून गावच्या जत्रेला मी येऊ शकणार नाही. मुलांना माझ्यापासून दूर ठेवावे का, असे आईने विचारले होते. किरण बाहेरच्या यंत्रातून येतात, यंत्र बंद झाले की अंगात काही उरत नाही. नातवंडे माझ्या मांडीवर बसली तरी चालेल.

परवा शुक्रवारी मास्कचे माप घेतले. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तो ओल्या फडक्यासारखा माझ्या चेहऱ्यावर आणि खांद्यांपर्यंत ताणून बसवला आणि दोन्ही बाजूंनी टेबलाला अडकवला. सुरुवातीला ऊब वाटली, मग तो गार होत होत आवळत गेला, आणि जाळीतून श्वास घेता येत असूनही क्षणभर जीव घाबरा झाला. तंत्रज्ञ ताईंनी आधीच सांगून ठेवले होते की त्रास झाला तर नुसता हात वर करा. मी हात वर केला नाही. श्वास मोजत राहिलो. रोज किरण त्याच जागी, त्याच कोनातून पडावेत म्हणून हा मास्क असतो आणि माझे वजन घटले तर तो सैल पडतो. म्हणून तुमची सून वाटीचे माप ठेवून मला खाऊ घालते. आहारतज्ज्ञांनी अंडी सांगितली होती, पण घरात माळ आहे असे कळल्यावर त्यांनी पनीर, दूध, डाळी आणि शेंगदाण्याचे कूट ठरवून दिले.

उजवीकडच्या दोन किडलेल्या दाढा बुधवारी काढल्या. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाची जखम भरून येण्याची ताकद कमी होते, तेव्हा दाढ काढावी लागली तर हाड सडण्याचा धोका असतो. म्हणून ते काम आधीच उरकायचे आणि हिरड्या भरून येईपर्यंत थांबायचे. तोंड उघडण्याचा व्यायामही रोज चालू आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी सात गेल्या, आज बारा गेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटेल, चव जाईल, लाळ आटेल आणि मानेची कातडी काळवंडेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आई, तू धाकट्याबरोबर पाठवलेले तेल मी जपून ठेवले आहे, पण विचारल्याशिवाय मानेला काही लावायचे नाही. तात्या सांगतात ते झाडपाल्याचे औषधही या काळात मी घेणार नाही. त्यांना तुम्हीच समजावून सांगा.

बाबा, आता तुमच्याशी. धाकट्याने सांगितले की तुम्ही जेवत नाही आणि ‘त्याने पहिली चिमूट माझ्याच चंचीतून घेतली’ असे सारखे म्हणता. ती चिमूट मी घेतली, हे खरे आहे. पण पुढे गुटखा मी शहरात येऊन माझ्या पैशांनी खाल्ला, २०१२ मध्ये राज्यात बंदी आल्यावर तंबाखू-चुना धरला, आणि गालात पांढरा चट्टा दिसत असताना, तिखट झोंबत असताना, महिनोन्‌महिने डॉक्टरांकडे गेलो नाही तोही मीच. तुमच्यावर माझा राग नाही, कधी नव्हता. मात्र इथे वॉर्डात माझ्या शेजारी तुमच्या वयाचे एक गृहस्थ होते; पन्नास वर्षे काही झाले नाही, असे ते पाटीवर लिहून दाखवत. त्यांच्याकडे पाहताना मला तुम्हीच दिसत होता.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. येत्या सोमवारी धाकट्याबरोबर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा आणि दोघांनीही दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. आईनेही, कारण तव्यावर भाजलेली मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. बाबा, कवळी काढून गाल, जीभ आणि जिभेखालची जागा दाखवा. चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम असेल तर लपवू नका. चंची आणि मिश्रीची डबी धाकट्याच्या हवाली करा. तपासणीत काय निघाले ते त्याने त्याच संध्याकाळी मला लिहून पाठवावे. मी वाट पाहीन.

तुमचा,
थोरला