जुनी आहे म्हणून बोट वाजणारच, असं म्हणू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पूरतयारीच्या बातम्या यायला लागल्यात, बोटी सज्ज, जॅकेट सज्ज, दोर सज्ज. चांगलं आहे. पण ती बोट पाण्यात उतरवून चालवली का आणि चालताना ती कशी वाजत होती हे कुणीच विचारत नाही. मी चिकोडी भागात डिझेल इंजिनांची कामं करतो, मळ्यातल्या पंपापासून नावेच्या इंजिनापर्यंत, आणि तक्रार केली की एकच उत्तर मिळतं, जुनी आहे ओ, वाजणारच. मला हे अजिबात पटत नाही. ठकठक, घरघर, खडखड वयामुळं येत नाही, काहीतरी ढिलं झालेलं असतंय, वाकलेलं असतंय नाहीतर घासत असतंय, आणि नीट शोधलं तर ते सापडतंय.

शोधायचं कसं ते सांगतो. बोट काठाला दोन्हीकडून घट्ट बांधा आणि गिअर न टाकता रेस वाढवत न्या. तेव्हाही आवाज आला तर दोष इंजिनात, त्याच्या फाउंडेशन बोल्टात नाहीतर सायलेन्सरच्या पाइपात. गिअर टाकल्यावरच आला तर गिअरबॉक्सपासून मागं शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि त्याच्या टोकाचा पाण्यातला पंखा इथपर्यंत बघत जायचं. आणि एका ठराविक रेसलाच येऊन पुढं गायब होत असेल तर बहुतेक एखादा पत्रा, झाकण नाहीतर पाइप थरथरत असतो, त्यावर दाब दिला की आवाज थांबतो (पट्ट्याजवळ आणि शाफ्टजवळ मात्र हात न्यायचा नाही, लुंगी-टॉवेल पण लांब ठेवा). एकानं रेस धरायची, दुसऱ्यानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॉडीला लावून मूठ कानाशी धरायची, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं, मग कुठला बेअरिंग बोलतोय ते कळतं.

जुन्या बोटीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शाफ्टच्या लाईनकडं. इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगवर वर्षानुवर्षं डिझेल आणि ऑइल गळत राहतं, रबर मऊ होऊन बसतं, इंजिन एका अंगाला झुकतं आणि शाफ्ट वाकडा फिरायला लागतो, मग लोक नवीन बेअरिंग घालतात, थोडे दिवस बरं आणि परत तेच. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून दोन तोंडांमधली फट फिलर गेजनं (पातळ पत्र्याच्या मापपट्ट्या) चारी बाजूंनी मोजा, चार इंची कपलिंगला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत पाहिजे. आणि हे माप बोट पाण्यात असतानाच घ्यायचं, कारण काठावर ओढलेल्या लाकडी बोटीचा तळ वेगळा बसतो आणि पाण्यात वेगळा. पंख्याचं पातं वाकलं असेल तर थरथर रेसबरोबर वाढत जाते. आपल्या कृष्णेत, दूधगंगेत वाहून आलेली खोडं, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या), जुन्या जाळ्याची नायलॉन दोरी, काय काय नसतं, आणि ती दोरी शाफ्टवर गुंडाळून, शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशापर्यंत गेली की आतलं रबर खाऊन टाकते. शाफ्ट वाकल्याचा संशय आला तर काढून बेळगावला उद्यमबागेत न्या, लेथवर फिरवून किती वाकलाय ते लगेच दिसतं. आवाज दाबायला इंजिनाच्या पेटीला आतून फोम चिकटवायचा तो हे सगळं झाल्यावर, आधी चिकटवला तर दोष झाकला जातो एवढंच.

आता पुराच्या बोटींचं. त्यांना मागं बाहेरून अडकवलेली आउटबोर्ड मोटर असते आणि मी एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय, शेडमध्येच कोरडी चालू करून, आवाज आला, ठीक आहे, म्हणून बंद केली. आत पाणी खेचणारा रबराचा छोटा इम्पेलर असतो, तो पाण्याशिवाय फिरला तर थोड्या वेळात जळून तुकडे होतात आणि पुढं ऐन पुरात मोटर तापून बंद पडते. टाकीत किंवा नदीत उतरवूनच चालू करा, मागून पाण्याची धार पडते का बघा, माणसं बसवून थोडं लांब न्या. रिकाम्या बोटीत जो आवाज येत नाही तो लोडवर येतो.

हे एवढं जीव तोडून लिहितोय कारण कोयनेतून पाणी सुटलं आणि इकडं पाऊस लागला की कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे सगळे बंधारे पाण्याखाली जातात, २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते नदीकाठच्या कुणालाही विचारा. तेव्हा मळ्यातल्या वस्तीवरून, गोठ्यावरून कोणीतरी हाक मारत असतं आणि खडखडणाऱ्या बोटीत ती हाक ऐकूच येत नाही. पूर नसताना पण नाव चालवणाऱ्या माणसाच्या कानाचं काय? ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास आवाज कानावर पडत राहिला तर ऐकू येणं कमी होतं आणि गेलेलं परत येत नाही, आमच्या धंद्यातली म्हातारी माणसं बघा, सगळी मोठ्यानं बोलतात.

म्हणून तालुक्याच्या अधिकाऱ्यांना विनंती, जूनच्या आत प्रत्येक बोट तिच्या चालवणाऱ्यासमोर पाण्यात चालवून बघा, कुठला आवाज कुठून येतोय ते वहीत लिहा आणि दुरुस्तीनंतर त्याच माणसाची सही घ्या, कारण पुरात ती घेऊन तोच जाणार आहे.

आपला,
एक डिझेल मिस्त्री, ता. चिकोडी, जि. बेळगाव